हिम्मतरावांचं ट्रॅपिस्ट मौन

माणसानं इंग्रजीवर प्रेम जरूर करावं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याची झळ लागू देऊ नये. नल्लकुंट्याच्या लक्ष्मी निवास अपार्टमेंटमधल्या हिम्मतराव बिलोलीकरांना एवढं पथ्य आयुष्यात पाळता आलं नाही. विमा कंपनीतून ते कधीच रिटायर झाले होते, पण तिथल्या इंग्रजीतून झाले नव्हते. रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचायचा, त्यातला एखादा बोजड शब्द हेरायचा आणि दिवस मावळायच्या आत तो कुणाच्या तरी अंगावर घालायचा, हा त्यांचा नेम होता. उशिरा आलेल्या इस्त्रीवाल्याला ते 'डायलेटरी' म्हणत. तो "हौ साब" म्हणून कपडे टेकवून जाई. त्याच्या दृष्टीनं साहेबांनी आज जरा लांबलचक शिवी दिलेली असे, एवढंच.

घरात मराठी, गल्लीत दखनी, किराणा दुकानात तेलुगू आणि मीटिंगमध्ये इंग्रजी, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून ठेवली होती. मीटिंग म्हणजे अपार्टमेंटच्या असोसिएशनची. खाली पार्किंगमध्ये, चार स्कूटर बाजूला सारून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ती भरायची. बाकीची मंडळी चहा आणि उस्मानिया बिस्किटांसाठी येत. हिम्मतराव बोलण्यासाठी येत. 'इन दि फर्स्ट प्लेस' म्हणून ते जे सुरू करत, त्याचं सेकंड प्लेस कधी येईल याची वाट बघता बघता बिस्किटं संपत.

गेलं वर्षभर या मीटिंगांना एकच विषय होता. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, गच्ची गळते. तेव्हा ती पाडून बिल्डरकडून नवी सात मजली बांधून घ्यायची. सगळे तयार होते. अडून बसला होता तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नंबर तीनशे दोन, म्हणजे हिम्मतराव. विरोधाचं खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते विरोध इंग्रजीत करत. 'प्रिमा फेसी' म्हणत, 'लोकस स्टँडाय' म्हणत. खरं कारण असं की बांधकाम पुरं होईतो त्यांना मुलाकडे राहावं लागणार होतं. हर्षवर्धनचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोकापेटला, सत्ताविसाव्या मजल्यावर. तिथे शेजारी कोण हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. नल्लकुंट्यात कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा 'रावसाब' म्हणून हात वर करतो, तिकडे गेटवरचा पोरगा रोज विचारणार, 'कौनसा फ्लॅट, अंकल?' बिल्डर म्हणत होता, तीन वर्षांत इमारत पुरी होईल. तोवर माणूस पुरा होणार नाही कशावरून? ही धास्ती त्यांच्या पोटात होती, आणि तोंडात मात्र प्रिमा फेसी होतं.

त्या रविवारी मीटिंगमध्ये हिम्मतराव उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे इन दि फर्स्ट प्लेसवरून निघाले. असोसिएशनचे सेक्रेटरी सुब्बाराव, पहिल्या मजल्यावरचे, औषधांच्या होलसेल धंद्यातले. माणूस गोड बोलणारा, पण त्या दिवशी त्यांचा चहा राहिला होता. ते म्हणाले, "अंकल, प्लीज. आप थोडी देर चुप बैठे तो बिल्डिंगका भला होता."

पार्किंग हसलं. वॉचमन हसला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना हिम्मतरावांनी गॅसची सबसिडी मिळवून देण्यासाठी तीन अर्ज लिहून दिले होते, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. आणि जिव्हारी लागलं ते हे, की सुनेला आणि पेढ्यांचा डबा घेऊन नेमका त्याच वेळी गेटमधून आत आलेला हर्षवर्धनही हसला.

हिम्मतराव जिना चढून वर आले ते धापा टाकत. भामाबाई दारातच होत्या. "काय झालं हो? खालून हसल्याचा आवाज यायलाय," त्यांनी विचारलं.

"काय झालं? अपमान झाला!" असं म्हणून त्यांनी जी कथा सांगायला घेतली ती जेवणाच्या पानावर संपली. मधेमधे भामाबाई काही म्हणाल्या. काय म्हणाल्या हे हिम्मतरावांना सांगता आलं नसतं. भामाबाई काय म्हणतात हे सांगता येण्यासारखा प्रसंग त्यांच्या संसारात क्वचितच आला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तो शब्द त्यांना भेटला. कुठल्याशा मंत्र्यानं कसल्याशा पुलाच्या बाबतीत 'ट्रॅपिस्ट सायलेन्स' पाळलं आहे, असं संपादकांनी लिहिलं होतं. लाल पेन्सिल थबकली. हिम्मतरावांनी जाडा शब्दकोश काढला. ट्रॅपिस्ट म्हणजे कॅथलिक संन्याशांचा एक पंथ, फ्रान्समधल्या ला ट्रॅप नावाच्या मठावरून नाव पडलेला, कडक शिस्त आणि मौन यांसाठी प्रसिद्ध.

आता इथे थोडं थांबून इंग्रजी पेपरवाल्यांबद्दल बोललं पाहिजे. हे बिचारे साधू पहाटे उठतात, शेत खणतात, प्रार्थना करतात आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात राहतात. त्यांचं नाव इंग्रजीनं उचललं आणि कुणाला चिकटवलं? तर पूल पडलेल्या मंत्र्याला. मॅच विकल्याचा संशय असलेल्या क्रिकेटवाल्याला. बँक बुडवून लंडनला गेलेल्या शेठजीला. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो नुसता गप्प. ज्याच्याकडे लपवण्यासारखं पुष्कळ आहे तो ट्रॅपिस्ट. संन्याशांच्या कफनीचा असा पोतेरा करणं फक्त अग्रलेख लिहिणाऱ्यालाच जमतं.

पण हिम्मतरावांना त्यात पोतेरा दिसला नाही, प्रतिष्ठा दिसली. मौन आपल्याकडे काय कमी आहे? पण आपलं मौनव्रत म्हणजे चातुर्मासातल्या म्हाताऱ्यांचं, आणि अबोला म्हणजे बायकांचा. ट्रॅपिस्ट मौन ही वेगळी वस्तू होती. ते मौन मंत्र्याचं होतं, अग्रलेखात छापून येणारं होतं. सुब्बारावला गप्प बसलेला माणूस हवा होता ना? देऊ की! पण असा गप्प माणूस देऊ की त्याच्या गप्प बसण्याचा आवाज शेजारच्या विद्यानगरपर्यंत ऐकू जावा.

त्यांनी असोसिएशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजीत जाहीर करून टाकलं, की सेक्रेटरींनी बिनशर्त माफी मागेपर्यंत फ्लॅट नंबर तीनशे दोन ट्रॅपिस्ट मौन पाळील, आणि असोसिएशनशी तोंडी किंवा लेखी, कुठल्याही रूपानं व्यवहार करणार नाही. मजकूर चार वेळा वाचला, एक स्वल्पविराम हलवला आणि सोडून दिला.

पहिलं उत्तर आलं ते अंगठ्याचं. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकानं 'काँग्रॅच्युलेशन्स अंकल' लिहिलं. एकानं विचारलं, ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मिऱ्यांच्या चारूचा, म्हणजे रस्समचा, डबा वर पाठवला; घसा दुखण्यावर त्यासारखं औषध नाही, असा निरोप त्यासोबत होता. सुब्बारावांनी मात्र काहीच लिहिलं नाही. त्यांच्या ध्यानात आलं होतं की या माणसाचं तोंड बंद ठेवायला आता आपल्याला काहीच करावं लागत नाही. फक्त माफी मागायची नाही, की झालं. इतकं स्वस्त काम त्यांना होलसेलमध्येही कधी मिळालं नव्हतं.

रविवारी आलेली सून केतकी अजून घरातच होती; ती खूश झाली. ती पुण्याची, आयटीतली, कुठल्याही गोष्टीला नवं नाव असलं की तिला ती गोष्ट पटते. "बाबा, धिस इज सो कूल! आमच्या ऑफिसमध्ये लोक यासाठी पैसे देऊन रिट्रीटला जातात," असं म्हणून तिनं फोनवरून एक पांढरा बोर्ड आणि मार्कर मागवला. तो तिचं बोलणं संपायच्या आत दारात आला. असोसिएशनच्या कामाखेरीज कुणाशीही बोर्डावर लिहून बोलायला हरकत नाही, असं हिम्मतरावांनी आपल्याआपणच ठरवून टाकलं. ट्रॅपिस्ट लोक काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मंत्री फाइलीवर सही तर करतोच.

त्यांनी पहिलं वाक्य भामाबाईंसमोर धरलं. इंग्रजी होतं. भामाबाई म्हणाल्या, "मला नाही येत बाई हे." त्यांनी पुसून मराठीत लिहिलं, 'चहा'. भामाबाई म्हणाल्या, "चष्मा नाही माझ्याजवळ," आणि आत गेल्या. चष्मा नाकावरच होता.

पुढच्या दिवसांत हिम्मतरावांना एक शोध लागला. आपल्या लोकांत गप्प बसणं हा निषेध धरत नाहीत. होकार धरतात. मुलगी बघायला आलेल्यांसमोर मुलगी गप्प बसली, की तिला पसंत आहे. जमीन विकताना धाकटा भाऊ गप्प बसला, की सही घ्या त्याची. ही रीत निजामाच्या आधीपासूनची आहे. ती मोडायला फ्रान्सचे साधू आले तरी पुरे पडणार नाहीत.

भामाबाईंनी विचारलं, "नांदेडहून त्रिवेणीला बोलावू का? येऊन राहील थोडे दिवस." हिम्मतरावांनी डोळे वटारले. संध्याकाळी भामाबाई फोनवर सांगत होत्या, "विचारलं की यांना. काही म्हणाले नाहीत. ये तू." त्रिवेणी, म्हणजे भामाबाईंची धाकटी बहीण, तिसऱ्या दिवशी तेलाच्या बाटल्या, शेकायची पिशवी आणि मुरमुऱ्यांचं पोतं घेऊन हजर. बहिणी दुपारभर आतल्या खोलीत तेल चोळत आणि बोलत बसत. हिम्मतरावांची आरामखुर्ची त्रिवेणीच्या अंथरुणासाठी जागा करायला गच्चीच्या जिन्यात गेली. खुर्ची नेणाऱ्या वॉचमननं विचारलं होतं, "ले जाऊँ क्या साब?" साब काही बोलले नाहीत.

भाजीवाली खाली हाक मारी. भामाबाई गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडत. आजवर भाव हिम्मतराव करत, वरून, दखनीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. आता ते नुसते वाकून बघत, आणि भाजीवाली समजे की साहेबांना भाव मंजूर आहे.

मग आला हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. इतर माणसांना पुराव्याशिवायही जिवंत धरतात. हर्षवर्धननं फोनवर व्हिडिओचा मार्ग काढून दिला. पडद्यावर गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण उगवला आणि म्हणाला, "सर, अपना पूरा नाम बोलिए." हिम्मतरावांनी बोर्डावर नाव लिहून पुढे धरलं. तरुण म्हणाला, "सर, आपकी आवाज नहीं आ रही." त्यांनी लिहिलं, 'मी हयात आहे.' इंग्रजीत, सगळी अक्षरं मोठी. तरुण म्हणाला, "सर, लिखके नहीं चलेगा. बोलना पडेगा." हिम्मतरावांनी बोर्डावर आणखी एक शब्द लिहिला, तो नेमका अग्रलेखातला होता. तरुणानं तो वाचला आणि फोन कट केला.

तेव्हा ते स्वतः विद्यानगरच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं बोर्ड पाहिला आणि तिचा चेहरा करुणेनं भरून आला. ती हातवारे करून, ओठ ताणून, अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "अंकल! आप! बैठो! इधर!" रांगेतल्या लोकांनी जागा करून दिली. एका गृहस्थानं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. मॅनेजरनं सांगितलं की मुकेपणाचं सर्टिफिकेट आणलं तर काम लगेच होईल, सवलतीही पुष्कळ आहेत. हिम्मतराव बिलोलीकर, ज्यांनी कंपनीच्या रौप्यमहोत्सवात इंग्रजीतून आभार मानले होते, ते लिंबासारखा चेहरा करून रिक्षात बसले. रिक्षावाल्यानंही पत्ता बोर्डावर वाचून पैसे कमी घेतले. अपमान सवलतीत मिळाला तर जास्त झोंबतो.

मराठी मंडळाचे एकनाथराव समाचाराला आले. "परक्यांचं कशाला उचललंत, हिम्मतराव?" ते म्हणाले. "आपल्यात मौनी अमावस्या आहे. एका दिवसात उरकते. नारळ फोडायचा, मोकळं व्हायचं." ते तासभर मौनाच्या महत्त्वावर बोलले आणि दोनदा चहा प्याले.

या सगळ्यांत ज्याला खरोखर माहिती होती असा माणूस एकच होता. तळमजल्यावरचे शौरी रेड्डी. जन्मानं कॅथलिक, मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि मीटिंगमध्ये हटकून डुलक्या काढणारे. हेडमास्तरकी अंगात इतकी मुरलेली की समोरचा गप्प असला की त्यांना तो विद्यार्थी वाटायचा. ते वर आले आणि हात पाठीमागे बांधून अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत शिकवू लागले.

"बिलोलीकर गारू, ट्रॅपिस्ट गप्प राहायची शपथच घेत नाहीत. मैं केरलामें उनके मठमें रहके आया. कामाचं असेल ते बोलतात. चीज बनाते, जाम बनाते, यूरपमें तो बीअर बनाते! जेवताना एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. उनकी रूलबुकका पहला शब्द मालूम? 'ऐक'. चुप रहना सुनने के वास्ते. ये पेपरवाले लोगां मिनिस्टरकू ट्रॅपिस्ट बोलते, तो मेरेकू हसना आता."

हिम्मतरावांनी तिरस्कारानं मार्कर उचलला आणि इंग्रजीत लिहिलं, 'साधू काय करतात याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्द इंग्रजीत कसा वापरतात ते मी पाहतो.'

शौरी रेड्डींनी ते वाचलं, त्यातली एक स्पेलिंगची चूक बोटानं पुसून नीट केली आणि खाली निघून गेले. शब्दकोशात अर्थ पाहणारा आणि जिथला शब्द तिथे जाऊन राहणारा यांत हिम्मतरावांच्या मते पहिलाच श्रेष्ठ. दुसऱ्याच्या अंगाला मठाचा वास येतो.

इकडे सुब्बाराव झोपले नव्हते. त्यांनी ग्रुपवर सर्वसाधारण सभेची तारीख टाकली आणि खाली असोसिएशनचा एक नियम उद्धृत केला: सभेला हजर असो वा नसो, जो सभासद हरकत घेणार नाही, त्याची संमती गृहीत, म्हणजे 'डीम्ड', धरली जाईल. हिम्मतरावांनी तो वाचला, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. नियम त्यांनीच लिहिला होता! 'डीम्ड' हा शब्दही त्यांचाच, फार वर्षांपूर्वी एका अग्रलेखातून आणलेला. शौरी रेड्डी मीटिंगमध्ये झोपतात आणि ठराव अडतात, म्हणून त्यांनी तो घालून घेतला होता. झोपलेल्यासाठी लावलेला सापळा जागा असलेल्याच्याच पायात अडकला.

आता दोनच वाटा होत्या. तोंड उघडायचं आणि घर वाचवायचं. किंवा तोंड मिटून शान राखायची आणि सत्ताविसाव्या मजल्यावर जाऊन बसायचं. हर्षवर्धननं तर केतकीच्या स्टडीरूममध्ये त्यांच्यासाठी पलंग टाकल्याचा फोटोही पाठवला होता. 'बाबा, ओके ना?' असं विचारलं होतं, आणि उत्तर आलं नाही म्हणून गादीही घेतली होती. फोटोत पलंग भिंतीकडे तोंड करून होता. तो फोटो पाहून हिम्मतरावांना खरोखर भीती वाटली. आपण इथून गेलो की संपलो, असं त्यांना वाटलं, अगदी साध्या मराठीत वाटलं.

त्यांनी ठरवलं, बोलायचं. शान गेली खड्ड्यात. असा बोलेन की बिल्डर पुन्हा नल्लकुंट्यात पाऊल ठेवणार नाही. आंघोळ करताना, दाढी करताना, ते मनातल्या मनात भाषण घोकू लागले. इन दि फर्स्ट प्लेसपासून ते शेवटच्या लॅटिनपर्यंत सगळं पाठ झालं.

सभेच्या संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले, तर भामाबाईही लुगडं बदलून, त्रिवेणीच्या खांद्यावर हात ठेवून दारात उभ्या. भामाबाई कधी सभेला येत नसत. हिम्मतरावांनी भुवया उंचावल्या. भामाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हिम्मतराव पुढे गेले, आणि पार्किंगमध्ये त्यांचा अर्धा चहा पिऊन झाला तरी या दोघी जिन्यातच होत्या.

सगळे जमले होते. बिल्डरचा माणूस लॅपटॉपवर नव्या इमारतीचं चित्र दाखवत होता, चित्रात झाडं होती आणि परदेशी दिसणारी माणसं कुत्री फिरवत होती. सुब्बाराव एकेका फ्लॅटचा नंबर घेत होते. होकार, होकार, होकार. शौरी रेड्डी झोपले होते, डीम्ड.

"तीनशे दोन," सुब्बाराव म्हणाले आणि जरा हसले. "अंकलकी हरकत है क्या? नै ना?"

हिम्मतराव उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. इतक्या दिवसांनी तो खाकरला, तेव्हा दारावर थाप मारावी तसा आवाज आला. त्यांनी इन दि म्हणायला तोंड उघडलं.

"सुब्बाराव गारू," मागून आवाज आला. "फ्लॅटपे मेरा बी नाम है. इन्नो बोलते नै. मैं बोलती."

भामाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावर नीट नव्हता, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"मेरेकू लिफ्ट होना," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. भामाबाई नवऱ्याकडे वळल्या आणि मराठीत बोलू लागल्या. भाषा पार्किंगमधल्या निम्म्या लोकांना कळत नव्हती, पण सगळे ऐकत होते.

"दसऱ्यापासून मी आज पहिल्यांदा खाली आले. तुम्हांला ठाऊक तरी आहे का? भाजी दोरीनं येते, दूध दोरीनं येतं, देवळात मी जाईनाशी झाले. गुडघे वाकत नाहीत माझे. मला कोंडून ठेवल्यासारखं झालंय वर. तुम्ही म्हणता, भामाला घरच आवडतं. मला कुणी विचारलं? त्रिवेणीला कशाला बोलावलं मी, मुरमुरे खायला? तेल लावायला बोलावलं. आणि मी सांगितलं नाही असं म्हणू नका. दर वेळी सांगितलं. मी बोलत होते, तेव्हा तुम्ही बोलत होतात."

त्रिवेणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

हिम्मतराव तोंड उघडं टाकून उभे होते. दसऱ्यापासून! या सगळ्या दिवसांत ते किती वेळा जिना उतरले, चढले, पानवाल्याला हात केला, बँकेत जाऊन करुणा गोळा केली. आणि वर एक बाई गॅलरीच्या कठड्याला धरून दोरी खाली सोडत होती. मौनात त्यांना भाजीवाली ऐकू आली, एकनाथराव ऐकू आले. आतल्या खोलीत दोघी बहिणी काय बोलतात तेवढं ऐकावंसं वाटलं नाही. त्यांना लाज वाटली. अशी लाज की तिला द्यायला लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेला एकही शब्द त्यांच्याकडे नव्हता.

सुब्बाराव खुर्चीतून उठले. त्यांचीही आई गावाकडे दोन पायऱ्यांच्या ओट्यावर अडकून पडलेली होती, हे नंतर त्यांनीच कुणाला तरी सांगितलं. ते म्हणाले, "अंकल, सॉरी. उस दिन मैं गलत बोला. सबके सामने बोला, सबके सामने माफी मंगतूं."

माफी झाली. बिनशर्त, तोंडी, सभेसमोर. मौन सुटायला जे जे हवं होतं ते सगळं झालं. आता हा माणूस बोलणार, साचलेलं सगळं बोलणार, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि वॉचमननं गुपचूप बिस्किटांची बशी उचलली. केवळ इमारत नाही, आता रात्रही गेली, असं बिल्डरच्या माणसाच्या तोंडावर दिसत होतं.

हिम्मतरावांनी भामाबाईंकडे पाहिलं. त्या एका हातानं गुडघा धरून, दुसऱ्या हातानं मागे खुर्ची चाचपत होत्या. त्यांनी ती खुर्ची पुढे सरकवली, भामाबाई टेकेपर्यंत धरून ठेवली. मग ते बिल्डरच्या माणसाकडे वळले आणि गल्लीत भाजीवालीशी बोलायच्या भाषेत विचारलं:

"लिफ्टमें बैठने कू स्टूल रखते क्या?"

"बोले तो रख देंगे, साब," तो म्हणाला.

"लिख लो," हिम्मतराव म्हणाले आणि खाली बसले.

सुब्बारावांनी लिहून घेतलं.